बाजाराची वाट विचारणारा मुहाजिर

वर्धा नदीकाठचा राजुरा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथील बाजारात आजही मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि उर्दू कानी पडते. कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने यांमुळे दूरदूरची माणसे या भागात येऊन स्थिरावली. अशा मुलखात लहान दुकान थाटणाऱ्याजवळ भांडवल थोडे असते, आणि कापसाचा पैसा हाती येईपर्यंत बरेचसे गिऱ्हाईक उधारीवर असते. त्याला दोनच गोष्टींचा आधार असतो : स्वतःची चिकाटी आणि लोकांचा विश्वास. या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र आल्या, असे एक पवित्र चरित्र म्हणजे आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे होय.

त्यांचा जन्म मक्केत कुरैशच्या बनू जुहरा घराण्यात झाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मातोश्रींचे माहेर हेच. आदरणीय अबू बक्र (रजि.) यांच्या प्रेरणेने त्यांनी अगदी प्रारंभीच्या काळात इस्लामचा स्वीकार केला. त्यांचे पूर्वीचे नाव बदलून प्रेषितांनी (स.) त्यांना अब्दुर्रहमान हे नाव दिले. छळ असह्य झाला तेव्हा ते हबशाला गेले, आणि पुढे इ. स. ६२२ मध्ये मदिनेस हिजरत करून आले. मक्केतील व्यापार मागे राहिला होता. नव्या शहरात ते रिकाम्या हातांनी उभे होते.

मदिनेत प्रेषितांनी (स.) मुहाजिर व अन्सार यांच्यात बंधुत्व जोडले. अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या वाट्याला साद बिन रबी (रजि.) हे बंधू आले. साद (रजि.) संपन्न होते. त्यांनी आपल्या मालमत्तेचा अर्धा हिस्सा देऊ केला; आपल्या दोन पत्नींपैकी एकीला विभक्त करून तिच्याशी विवाहाचा मार्ग मोकळा करून देण्याचीही तयारी दर्शविली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्या घरादारात व संपत्तीत बरकत व्हावी अशी प्रार्थना केली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. त्यांनी बंधुत्व मनापासून स्वीकारले, परंतु त्याचे ओझे बंधूच्या खांद्यावर टाकले नाही. आधार मिळत असताना तो विनम्रपणे नाकारणे आणि तरीही नाते दुखावू न देणे, ही फार अवघड गोष्ट आहे.

त्यांना बनू कैनुका या यहुदी कबिल्याचा बाजार दाखविण्यात आला. पहिल्या दिवसाची कमाई म्हणून थोडे तूप आणि थोडे वाळवलेले पनीर घेऊन ते परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गेले, आणि त्यानंतर रोज जात राहिले. हदीसमध्ये या नित्याच्या जाण्याचा उल्लेख आवर्जून आलेला आहे. काही काळाने त्यांच्या अंगावर सुगंधाची पिवळसर छटा दिसली, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारपूस केली. त्यांनी एका अन्सारी स्त्रीशी विवाह केला होता आणि महर म्हणून खजुराच्या बीच्या वजनाइतके सोने दिले होते. एका बकरीचे का होईना, पण वलीमाचे भोजन द्यावे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले.

व्यवहारातील त्यांच्या निष्ठेची खरी कसोटी मात्र बद्रच्या रणांगणावर लागली. मक्केतील उमय्या बिन खलफ याच्याशी त्यांनी लेखी करार केला होता. उमय्याने मक्केतील त्यांच्या मालमत्तेचे व आप्तांचे रक्षण करावे आणि त्यांनी मदिनेत उमय्याच्या मालमत्तेचे व आप्तांचे करावे, असे ठरले होते. करारात रहमानचे नाव लिहिण्यास उमय्याने नकार दिला, म्हणून जुने अब्दे अम्र हे नाव लिहावे लागले. उमय्या इस्लामचा कट्टर शत्रू होता, बिलाल (रजि.) यांचा अमानुष छळ त्यानेच केला होता. बद्रमध्ये त्याचा पराभव झाल्यावर अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्याला वाचविण्याचा प्रयत्न केला. बिलाल (रजि.) व अन्सार चालून आले, तेव्हा ते स्वतः उमय्यावर आडवे पडले. उमय्या वाचला नाही, आणि त्यांच्या पायावर तलवारीचा घाव बसला. तो व्रण ते पुढे दाखवीत असत. धर्मापुढे त्यांनी उमय्याची भीड धरली नव्हती, म्हणूनच तर ते त्याच्याविरुद्ध रणात उतरले होते. परंतु दिलेला शब्दही त्यांनी वाऱ्यावर सोडला नाही.

पुढे त्यांचा व्यापार फार वाढला. तशी दानाची धारही वाढत गेली. प्रेषितपत्नींसाठी त्यांनी ठेवलेली बाग चार लाखांना विकली गेली. एकदा उपवास सोडताना समोर अन्न आले, तेव्हा त्यांना उहुदचे शहीद मुसअब (रजि.) आठवले. मुसअब (रजि.) यांचे कफन इतके अपुरे होते की डोके झाकले तर पाय उघडे पडत. त्या आठवणीने त्यांना रडू कोसळले आणि ते अन्न तसेच राहिले. संपत्तीचे भय बाळगणारा असा संपन्न माणूस विरळाच.

आदरणीय उमर (रजि.) यांनी पुढील खलीफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली होती. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी तीत स्वतःचा हक्क सोडून दिला, मदिनेतील लोकांची मते जाणून घेतली आणि आदरणीय उस्मान (रजि.) यांच्या हाती बैअत केली. बाजारात मिळविलेला विश्वास अशा रीतीने समाजाच्या कामी आला. हिजरी ३२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जन्नतुल बकीत त्यांचे दफन झाले.

दुकानदार बंधूंनो, पहिल्या दिवशी पदरी पडलेल्या थोड्याशा तुपाला त्यांनी तुच्छ मानले नाही. बाजार दुसऱ्या धर्माच्या लोकांचा होता, म्हणून ते बिचकले नाहीत. प्रतिकूल माणसाशी केलेला करारही त्यांनी जिवापाड जपला. तेव्हा माप पुरे द्या, मालातील दोष गिऱ्हाइकापासून लपवू नका, उधारीची नोंद चोख ठेवा आणि अडचणीत सापडलेल्याला मुदत द्या. रोज सकाळी दुकान उघडणे आपल्या हाती आहे. बरकत अल्लाहच्या हाती आहे. अल्लाह आपणा सर्वांना हलाल उपजीविका आणि शब्द पाळण्याचे बळ देवो. आमीन.