बारा वर्षांचा हिशोब

चारकोपहून कॉलेजला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, की आपण मेट्रोची मिनिटं सांगून मोकळे होतो. डहाणूकरवाडी स्टेशनपर्यंतची रिक्षा, तिची रांग, बॅग तपासणी यातलं काहीच धरत नाही. मग रोज उशीर! फायनल इयरच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टचंही तेच होतं. प्लॅनमध्ये कोडिंगचे तीन आठवडे असतात. डेटा जमवणं, टेस्टिंग, रिपोर्ट लिहिणं, ग्रुपमधली भांडणं मिटवणं यांना तारीखच नसते.

असं न मोजलं जाणारं काम किती मोठं असू शकतं, हे बघायचं तर ज्ञानकोशकार केतकरांचं आयुष्य बघा.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. शाळा अमरावतीत, कॉलेज मुंबईचं विल्सन. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि भारतातल्या जातिसंस्थेवर अभ्यास करून कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९१२ मध्ये परतले, ते मराठीत ज्ञानकोश काढायचं स्वप्न घेऊन.

मराठीत त्या आवाक्याचा ज्ञानकोश आधी झालेलाच नव्हता. म्हणजे मागच्या बॅचचा प्रोजेक्ट बघून अंदाज बांधायची सोयही नाही. वरवर पाहता काम एकच, लेख लिहिणं. पण त्याआधी पैसा हवा. सरकारी अनुदानाची वाट न बघता केतकरांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली आणि लोकांना शेअर विकले. ग्राहक मिळवायला वणवण केली. पुढे बिऱ्हाड पुण्याला हलवलं. जे शास्त्र मराठीत कुणी लिहिलंच नव्हतं, त्यासाठी शब्दांपासून सुरुवात. लेखक जमवायचे, त्यांना तयार करायचं, छपाई सांभाळायची. यातली एकही गोष्ट ज्ञानकोशाच्या पानावर दिसत नाही, पण वर्षं खाल्ली ती यांनीच.

तरी काम पुढे सरकलं, कारण त्यांनी त्याचे तुकडे पाडले. आधी पाच प्रस्तावना खंड काढले. वेदविद्येवर एक, विज्ञानाच्या इतिहासावर एक, असे. मग अकारविल्हे नोंदींचे खंड, शेवटी सूची आणि पुरवणी. खंड तयार होईल तसा बाहेर पडायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर एकेक रिलीज. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे सहकारी याच कामात तयार झाले आणि नंतर त्यांनी महाराष्ट्र शब्दकोश उभा केला.

१९२० मध्ये केतकरांनी ईडिथ कोहन यांच्याशी लग्न केलं. त्या शीलवती केतकर झाल्या आणि या सगळ्या ओढाताणीत सोबत राहिल्या. १९२७ मध्ये केतकरांनी मंडळाचा इतिहास लिहिला, त्याला नाव दिलं ‘माझे बारा वर्षांचे काम’. प्रोजेक्ट कसा झाला, कुठे अडला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. सगळे २३ खंड पुरे व्हायला १९२९ उजाडलं.

या प्रवासाची किंमत मात्र मोठी होती. गुजराती ज्ञानकोशही त्यांनी हाती घेतला, तो पूर्ण झाला नाही. कादंबऱ्या लिहिल्या, १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण पैशांची चणचण संपली नाही. मधुमेहाने शरीर पोखरलं. १० एप्रिल १९३७ ला पुण्यात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं ५३.

अंदाजात न धरलेलं काम गायब होत नाही. ते कुणाच्या तरी झोपेतून, खिशातून, तब्येतीतून वसूल होतं. ग्रुपमध्ये बहुतेक वेळा हा ‘कुणीतरी’ एकच असतो, जो सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो.

म्हणून पुढच्या वेळी गाइडला तारीख सांगण्याआधी एक कागद घ्या. कोडिंग सोडून जे जे करावं लागणार आहे ते सगळं लिहा, प्रत्येकापुढे दिवस मांडा, कुणी करायचं तेही लिहा. प्रोजेक्ट संपला की खरे दिवस शेजारी भरा. पुढच्या बॅचला तुमचा हा कागद रिपोर्टपेक्षाही जास्त उपयोगी पडेल.