समजून घ्या : तुऱ्यावरून पिल्लाचा बाप ओळखता येतो का? १०० वर्षांपूर्वीच्या बेटसन यांच्याकडे आहे उत्तर

नागपूर : परसात असील, कडकनाथ आणि गावरान एकत्र फिरत असतील, तर पिल्लू कोणत्या कोंबड्याचे हे कळत नाही. शुद्ध जातीला भाव जास्त, त्यामुळे प्रश्न थेट पैशांचा आहे. त्याच्या उत्तराची सुरुवात इंग्लंडच्या विल्यम बेटसन यांनी केली.

कोण होते बेटसन?
जन्म १८६१, व्हिटबी. केंब्रिजमध्ये शिकले, पण प्राध्यापकपद मिळायला १९०८ उजाडले. तोवर ते कॉलेजच्या स्वयंपाकघराचा कारभारही पाहत. १९०० मध्ये मेंडेल यांचे वाटाण्यावरील विस्मृतीत गेलेले काम पुन्हा समोर आले. बेटसन यांनी ते इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवले. त्यावरून जुने मित्र वेल्डन यांच्याशी जाहीर वाद झाला, मैत्री तुटली.

कोंबड्याच का?
मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू होतात, हे दाखवायचे होते. पत्नी बिअॅट्रिस यांच्या मदतीने त्यांनी घरीच कोंबड्या पाळल्या आणि पिल्लांच्या तुऱ्यांची नोंद ठेवली. १९०२ मध्ये निष्कर्ष छापले. पुढे सहकारी पनेट यांच्यासोबत गुलाब तुरा आणि वाटाणा तुरा यांचा संकर केला. सगळ्या पिल्लांना तिसराच, अक्रोडासारखा तुरा आला. त्यांच्या पुढच्या पिढीत अक्रोड, गुलाब, वाटाणा आणि एकेरी तुरे ९:३:३:१ या प्रमाणात दिसले. म्हणजे तुरा दोन जनुकांच्या जोड्या मिळून ठरवतात. 'जेनेटिक्स' हा शब्दही बेटसन यांचाच, १९०५ चा.

परसात काय पाहाल?
• असीलचा तुरा वाटाणा, कडकनाथचा एकेरी.
• आई एकेरी तुऱ्याची आणि पिल्लाला वाटाणा तुरा? तो बापाकडून आला. असीलचे रक्त असण्याची शक्यता मोठी.
• आई-बाप दोघेही वाटाणा तुऱ्याचे, पण पिल्लू एकेरी? दोघांतही एकेरी तुऱ्याचे जनुक लपलेले आहे. अशी जोडी शुद्ध असील म्हणून विकत असतील, तर शंका घ्या.
• आई आणि पिल्लू दोघेही एकेरी? फक्त तुऱ्यावरून बाप ठरवू नका. वाटाणा तुऱ्याच्या संकरित कोंबड्यातही ते जनुक लपलेले असू शकते.

मर्यादा काय?
तुरा फक्त तुऱ्याच्या जनुकांबद्दल सांगतो, पूर्ण जातीबद्दल नाही. रंग, पाय, बांधाही पाहावा लागतो. खात्री डीएनए चाचणीनेच होते.

बेटसन यांचे १९२६ मध्ये निधन झाले. तीन मुलांपैकी एक पहिल्या महायुद्धात गेला, दुसऱ्याने १९२२ मध्ये आत्महत्या केली. तिसऱ्याचे नाव त्यांनी मेंडेल यांच्यावरून ग्रेगरी ठेवले होते. तो पुढे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ झाला.