भित्रा मास्तर, मुक्त वादक



देवाने दिलेले दान हाती असते, पण ते चारचौघांपुढे मांडायला मन धजत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. चर्चच्या गायनवृंदात तर तो नेहमीचाच. घरी छान वाजवणारा मुलगा मिस्साच्या वेळी बाजावर बसायचे म्हटले की मागे सरतो. अशा सर्वांसाठी आज आम्ही एका भिडस्त माणसाची जीवनकथा सांगत आहोत. त्याचे नाव आंतोन ब्रुकनर.

४ सप्टेंबर १८२४ रोजी ऑस्ट्रियातील आन्सफेल्डन या खेड्यात आंतोनचा जन्म झाला. वडील गावचे शाळामास्तर आणि चर्चचे ऑर्गनवादकही. १८३७ साली वडील वारले, तेव्हा आंतोन १२ वर्षांचा होता. आईने त्याला जवळच्या सेंट फ्लोरियन मठात गायक मुलगा म्हणून ठेवले. तिथल्या भव्य ऑर्गनने त्याला जन्मभराचे वेड लावले. पुढे वडिलांप्रमाणे तोही मास्तर झाला आणि काही वर्षांनी त्याच मठात ऑर्गन वाजवू लागला.

हात तयार होता, मन मात्र तयार नव्हते. आपल्याला काही येत नाही, ही बोचणी त्यांना सतत लागलेली असे. एक परीक्षा झाली की दुसरी, एक दाखला मिळाला की आणखी एक. १८५५ साली लिंझ शहराच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादकाची जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांनी साधा अर्जही केला नाही. ते केवळ ऐकायला म्हणून गेले होते. त्यांच्या जुन्या शिक्षकांनी आग्रह करून त्यांना ऑर्गनवर बसवले, आणि जागा त्यांनाच मिळाली! पाठीवर वेळीच पडलेली एक थाप काय करू शकते, हे आम्हांला इथे दिसते.

तरीही शंका गेली नाही. त्याच सुमारास ते व्हिएन्नाचे नामांकित शिक्षक सिमोन झेख्टर यांचे शिष्य झाले. शिक्षण बहुतेक टपालानेच चाले. शिकत असेपर्यंत स्वतःची रचना करायची नाही, असा झेख्टर यांचा दंडक होता. ब्रुकनर यांनी तो सुमारे सहा वर्षे पाळला. ते इतके धडे गिरवून पाठवत की शेवटी गुरूलाच त्यांना प्रकृतीला जपण्याचा सल्ला द्यावा लागला.

नोव्हेंबर १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या एका चर्चमध्ये त्यांची परीक्षा झाली. परीक्षकांनी एक सुरावट दिली आणि तिच्यावर तिथल्या तिथे फ्यूग वाजवायला सांगितले. फ्यूग म्हणजे एकच चाल निरनिराळ्या आवाजांनी एकामागून एक उचलायची आणि गुंफत न्यायची. एका परीक्षकाने, योहान हेर्बेक यांनी, ती सुरावट वाढवून आणखी अवघड केली. ब्रुकनर काही वेळ नुसतेच बसून राहिले. मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि सगळे थक्क झाले. खरे तर या माणसानेच आमची परीक्षा घ्यायला हवी होती, अशी कबुली हेर्बेक यांनी दिली.

समोर कागद नाही, आधी ठरवलेले काही नाही, सुचेल तसे वाजवायचे. इथे ब्रुकनर मोकळे होत. लोकांत बुजणारा हा माणूस १८६९ साली पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये वाजवून आला. १८७१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही त्यांनी असेच उत्स्फूर्त वादन केले. आमच्या मते या मोकळेपणामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे वर्षानुवर्षांचा रियाज. दुसरी, हे दान आपले नसून देवाचे आहे ही त्यांची श्रद्धा. वर्गात शिकवताना चर्चची घंटा झाली की ते थांबून प्रार्थना करीत, असे सांगतात.

त्यांचे जीवन सोपे मात्र नव्हते. १८६७ साली त्यांचे मन पार खचले. दिसेल ती वस्तू मोजत राहण्याचा चाळा लागला आणि काही महिने उपचारांसाठी राहावे लागले. त्यातून उठल्यावर त्यांनी पहिले मोठे काम केले ते एक मिस्सा रचण्याचे. १६ डिसेंबर १८७७ रोजी व्हिएन्नात त्यांची तिसरी सिंफनी त्यांच्याच संचालनाखाली झाली, तेव्हा श्रोते उठून जाऊ लागले. शेवटी मूठभर लोक उरले. त्यांत पुढे प्रसिद्धीस आलेला तरुण गुस्ताव मालर होता. त्याच संध्याकाळी एका प्रकाशकाने ती रचना छापण्याची तयारी दाखवली.

३० डिसेंबर १८८४ रोजी लाइपझिग येथे सातवी सिंफनी झाली आणि साठीच्या ब्रुकनर यांना दूरवर कीर्ती मिळाली. तरी १८८७ साली ज्यांच्यावर भरवसा होता त्या संचालकाने आठवी सिंफनी नाकारली, तेव्हा ते पुन्हा कोलमडले. पण त्यांनी लेखणी टाकली नाही. ती नव्याने लिहिली आणि १८९२ साली व्हिएन्नाने तिचे जोरदार स्वागत केले. नववी सिंफनी त्यांनी देवाला अर्पण करायचे ठरवले होते. ती अपुरी असतानाच ११ ऑक्टोबर १८९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार सेंट फ्लोरियनच्या त्याच ऑर्गनखाली त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

वाचकहो, ब्रुकनर यांची भीती एका दिवसात गेली नाही, कदाचित पूर्ण कधीच गेली नाही. पण भीती जाईल आणि मग वाजवू, अशी वाट ते पाहत बसले नाहीत. आपल्या मुलामुलींनाही आम्ही हेच सांगू: रियाज करा, देवाचे नाव घ्या आणि बाजावर बसा. एखादा सूर चुकला तर चुकू द्या. आणि आपण मोठ्यांनी चुकलेला सूर मोजण्याऐवजी त्यांच्या पाठीवर थाप द्यावी.