अलीकडचं माकड, पलीकडचं माकड

बँकेत असताना अपुऱ्या पत्त्याचा अर्ज आला की मी तो परत करीत असे. नुसतं गावाचं नाव लिहिलेल्या माणसाला शोधायचं कुठं? आल्फ्रेड रसेल वॉलेसची हकीकत वाचताना मला ते अर्ज हटकून आठवतात.

१८२३ साली वेल्समध्ये जन्मलेल्या वॉलेसच्या घरची ओढाताण होती. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि तो थोरल्या भावाच्या हाताखाली जमीनमोजणी शिकला. हद्द कुठं संपते हे पाहण्याची नजर त्याला तिथंच आली असावी. १८४८ साली मित्र हेन्री बेट्सबरोबर तो ॲमेझॉनच्या अरण्यात गेला. पक्षी, कीटक जमवायचे, लंडनला विकायला पाठवायचे आणि त्यावर गुजराण करायची, असा बेत होता.

त्या काळी संग्रहालयातल्या माकडाच्या चिठ्ठीवर बहुधा 'ब्राझील' किंवा 'पेरू' एवढंच असे. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जातींपैकी कोणती नेमकी कुठली, याचा पत्ताच नसे. वॉलेसने माकडांच्या २१ जाती पाहिल्या आणि त्याच्या ध्यानात आलं, की ॲमेझॉन, रिओ निग्रो आणि मदेइरा या अफाट नद्या म्हणजे सरहद्दी आहेत. या तीरावर दिसणारी जात समोरच्या तीरावर नाही. तिथं तिची भावकी नांदते. उगमाकडे नद्या अरुंद होतात, तिथं मात्र ही सरहद्द उरत नाही. स्थानिक शिकाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. हवं ते जनावर मिळवायला ते सरळ नदी ओलांडीत. वॉलेसने त्यांच्या शहाणपणाची प्रामाणिक नोंद केली.

या ज्ञानाची किंमत जबर होती. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ साली पीतज्वराने गेला. परतीच्या वाटेवर, ६ ऑगस्ट १८५२ रोजी, भर समुद्रात जहाज पेटलं. बरोबरचा संग्रह आणि पाळलेली माकडं डोळ्यांदेखत जळाली. हाती राहिली ती काही चित्रं आणि थोडे कागद. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर सुटका झाली. लंडनमधल्या दलालाने दूरदृष्टीने २०० पौंडांचा विमा उतरवला होता, म्हणून निदान खायची भ्रांत पडली नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत ॲमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचला. पुढे १८५८ साली डार्विनबरोबर त्याचंही नाव नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्ताशी जोडलं गेलं. १९१३ साली, नव्वदाव्या वर्षी, तो वारला.

मला मात्र तो डिसेंबरातला तरुण आठवतो. दाखवायला हातात फारसं काही नव्हतं. तरी कोण कुठं राहतो, हे तो बिनचूक सांगत होता.