बाळशास्त्री जांभेकर : अवघड गणित मराठीत आणणारे शिक्षक



दरवर्षी ६ जानेवारीला शाळेत फळ्यावर आपण 'पत्रकार दिन' असं लिहितो. बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो आणि 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राची माहिती सांगतो. 'आद्य पत्रकार' एवढं उत्तर परीक्षेत लिहिलं की गुण मिळतात. पण बाळशास्त्री पोटापाण्यासाठी काय करत होते, हे किती जणांना माहीत आहे? ते शिक्षक होते आणि त्यांचा विषय होता गणित. आज ज्याला आपण कॅल्क्युलस म्हणतो, त्या गणितावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं होतं. आज आपण त्यांची ही बाजू पाहू या.

बालपण आणि शिक्षण

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली कोकणातल्या पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात आहे. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक होते. त्यामुळे मराठी वाचन, संस्कृत आणि पाठांतर यांचा पाया घरीच पक्का झाला. मुलगा कमालीचा हुशार होता. एकदा ऐकलेलं विसरत नसे.

१८२५ च्या सुमारास ते इंग्रजी शिकण्यासाठी मुंबईला आले. तेव्हा रेल्वे नव्हती. आपल्या वसई-विरारहूनसुद्धा मुंबई गाठायची तर खाड्या ओलांडाव्या लागत. मग पोंभुर्ल्याहून येणं म्हणजे काय असेल, विचार करा! मुंबईत त्यांना सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा आधार मिळाला. बापू छत्रे हे मुलांसाठी मराठी पुस्तकं तयार करणारे आणि शिक्षण संस्थेत काम करणारे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली बाळशास्त्री इंग्रजी शिकले आणि गणितातही इतके पुढे गेले, की विशीच्या आतच त्यांना त्या संस्थेत उपसचिवाचं काम मिळालं. मराठी, संस्कृत, इंग्रजीबरोबर गुजराती, बंगाली, फारसी अशा अनेक भाषा त्यांनी आत्मसात केल्या.

'दर्पण' आणि त्याची दोन स्तंभांची रचना

६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू झालं. गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, या कामात त्यांच्यासोबत होते. बाळशास्त्री तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते.

'दर्पण'ची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण शेवटी आपल्याला तिचाच उपयोग करायचा आहे. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. तोच मजकूर दोन्ही भाषांत शेजारी शेजारी. मराठी वाचकाला शेजारचं इंग्रजी दिसे आणि इंग्रजी वाचकाला शेजारचं मराठी. १८४० पर्यंत हे पत्र चाललं.

एल्फिन्स्टनमधले गणिताचे शिक्षक

१८३४ साली बाळशास्त्रींची मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. या जागेवर नेमले गेलेले ते पहिले भारतीय. विलायतेहून आलेले प्रा. ऑर्लेबार तिथे गणित आणि विज्ञान शिकवत. त्यांच्याबरोबरीने बाळशास्त्री गणित आणि ज्योतिष शिकवू लागले. ज्योतिष म्हणजे इथे खगोलशास्त्र बरं का, पत्रिका पाहणं नव्हे! कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं.

त्यांच्या हाताखाली शिकलेले केरूनाना छत्रे पुढे पुण्यात गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले आणि लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी. दादाभाई नौरोजीही एल्फिन्स्टनमध्येच शिकले आणि पुढे तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. म्हणजे बघा, एका वर्गखोलीतून गणिताची केवढी मोठी परंपरा सुरू झाली!

'शून्यलब्धी' म्हणजे काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्या काळी अंकगणित, भूमिती, बीजगणित यांची काही पुस्तकं मराठीत झाली होती. कॅप्टन जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने ती तयार केली होती. बाळशास्त्री त्याच्याही वरची पायरी चढले. त्यांनी कॅल्क्युलसवर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'शून्यलब्धिगणित'.

आज आपण या विषयाला कलन म्हणतो आणि त्याच्या पहिल्या भागाला अवकलन. पण 'शून्यलब्धी' हा शब्द जरा फोडून पाहा. लब्धी म्हणजे भागाकार करून जे मिळतं ते. आपल्या जुन्या गणितात, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'च्या परंपरेत, हा शब्द रोजचाच होता. मग शून्यलब्धी म्हणजे शून्याजवळ जाणाऱ्या दोन संख्यांचा भागाकार केल्यावर हाती येणारी संख्या. नावातच अख्खा धडा आहे!

खरं वाटत नाही? मग आपल्या विरार लोकलमध्ये बसा. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. एकूण अंतराला एकूण वेळेने भागलं की सरासरी वेग मिळतो. पण गाडी नायगाव सोडून भाईंदरच्या खाडीपुलावर आली, त्या नेमक्या क्षणी तिचा वेग किती? क्षणाला तर लांबीच नाही. त्या क्षणात गाडी किती सरकली? शून्य. वेळ किती गेला? शून्य. शून्याला शून्याने भागायचं कसं?

म्हणून थोडं थोडं जवळ जायचं. समजा, पुलावर १० सेकंदांत गाडी २१० मीटर गेली. भागाकार २१. पुढे फक्त १ सेकंद घेतला, तर ती २०.१ मीटर गेली. भागाकार २०.१. सेकंदाचा दहावा भाग घेतला, तर २.००१ मीटर. भागाकार २०.०१. वरची संख्या शून्याकडे चालली, खालचीही शून्याकडे चालली, पण लब्धी मात्र २० कडे येऊन ठरते आहे. म्हणजे त्या क्षणी वेग सेकंदाला २० मीटर, तासाला ७२ किलोमीटर. हीच ती शून्यलब्धी. मोटरमनसमोरचा काटा हेच दाखवत असतो.

पुढची पायरी : वक्र कुठे उघडतो?

अकरावी-बारावीची मुलं मोबाइलवर कॅल्क्युलसचे व्हिडिओ बघतात. त्यात 'कॉन्केव्ह अप', 'कॉन्केव्ह डाऊन' आलं की पुष्कळ जण अडतात. अंतर्गोल आरसा आणि बहिर्गोल भिंग शाळेत माहीत झालेलं असतं, पण आलेखात ते कुठे शोधायचं हे कळत नाही. चढता आलेख म्हणजे कॉन्केव्ह अप, असा समज करून घेतात. तो बरोबर नाही. कसा, ते आपल्या समुद्राला विचारू या.

पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या मच्छीमार बांधवांना हे गणित पाठ आहे. ओहोटी संपून भरती सुरू झाली की पाणी एकदम वाढत नाही. आधी हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. भरती पूर्ण व्हायला साधारण सहा तास लागतात. एक सोपा ठोकताळा असा, की एकूण चढाचे १२ भाग केले तर पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १ भाग पाणी चढतं.

आता आडव्या रेषेवर तास आणि उभ्या रेषेवर पाण्याची उंची घेऊन आलेख काढा. उंची होईल ०, १, ३, ६, ९, ११, १२. सहाही तास पाणी चढतंच आहे. पण पहिल्या तीन तासांत चढण्याचा वेग वाढतोय : १, २, ३. तिथे आलेख वाटीसारखा वर उघडतो. हे कॉन्केव्ह अप. पुढच्या तीन तासांत वेग कमी होतोय : ३, २, १. तिथे आलेख पालथ्या वाटीसारखा दिसतो. हे कॉन्केव्ह डाऊन. आणि बरोबर मध्ये, तिसऱ्या तासाच्या शेवटी, आलेख कूस बदलतो. त्या जागेला पुस्तकात 'पॉइंट ऑफ इन्फ्लेक्शन' म्हणतात. पाणी सगळ्यात वेगाने चढतं ते याच वेळी.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. पहिला, पाणी चढतंय की उतरतंय? दुसरा, चढण्याचा वेग वाढतोय की कमी होतोय? वाटी सुलटी की पालथी, हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरवतं. पहिल्या शून्यलब्धीची पुन्हा शून्यलब्धी काढली की ते उत्तर मिळतं. ती धन असेल तर वाटी सुलटी, ऋण असेल तर पालथी.

शिक्षकांचे शिक्षक

बाळशास्त्री फक्त कॉलेजात रमले नाहीत. १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' हे मराठीतलं पहिलं मासिक काढलं. त्यात भूगोल, इतिहास, रसायन, पदार्थविज्ञान असे विषय नकाशे आणि आकृत्या देऊन समजावलेले असत. आज आपण व्हिडिओत चित्र पाहून शिकतो. त्यांनी त्या काळात उपलब्ध असलेल्या साधनांनी, म्हणजे छापील आकृतीने, तेच काम केलं. मुलांसाठी 'नीतिकथा', 'बालव्याकरण', भूगोल आणि इतिहासाची पुस्तकं लिहिली. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची पहिली छापील आवृत्ती शिळाप्रेसवर काढली. प्राचीन शिलालेख आणि ताम्रपटांवर संशोधन केलं.

१८४५ मध्येच शिक्षक तयार करणाऱ्या 'नॉर्मल क्लास'ची, म्हणजे अध्यापक वर्गाची, जबाबदारी त्यांच्याकडे आली. मराठी शाळांची तपासणीही ते करत. आमच्यासारखे डी.एड. झालेले शिक्षक ज्या वाटेने आलो, तिच्या अगदी सुरुवातीला हे गृहस्थ उभे आहेत. वरच्या वर्गाचं गणित शिकवणारा माणूस पहिलीच्या शिक्षकाला तयार करण्याचं काम कमी समजत नव्हता, हे मला फार मोलाचं वाटतं.

समाजातही ते गप्प बसले नाहीत. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री नावाच्या मुलाचं प्रकरण गाजलं. मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या या लहान मुलाला पुन्हा आपल्या समाजात घ्यावं, अशी बाजू बाळशास्त्रींनी घेतली. त्यासाठी त्यांना स्वतःच्याच लोकांचा विरोध सहन करावा लागला, पण ते मागे हटले नाहीत.

मे १८४६ मध्ये मुंबईत आजारपणाने त्यांचं निधन झालं. वय फक्त चौतीस.

आपण काय घ्यायचं?

आपल्या नालासोपारा, विरार, वसईत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली कितीतरी मुलं आहेत. गणितात चांगले गुण असतात. अकरावी सायन्सला गेल्यावर मात्र वर्गात आणि व्हिडिओत सगळं इंग्रजी सुरू होतं. 'रेट', 'स्लोप', 'कॉन्केव्ह' हे शब्द अंगावर येतात. मग मूल म्हणतं, मला गणित जमत नाही. घरचेही म्हणतात, झेपत नसेल तर सोड. पालकांनो, थोडं थांबा. मुलाला गणित अडलंय की शब्द अडलाय, हे आधी पाहा. शब्द अडला असेल आणि आपण गणितच सोडायला लावलं, तर एका हुशार मुलाची वाट उगाच बंद होते.

व्हिडिओ हे फार छान साधन आहे. वर्गात शिक्षकांना दहा वेळा विचारायला संकोच वाटतो, व्हिडिओ दहा वेळा मागे नेता येतो. पण नुसता बघून सोडला तर त्या वेळी कळल्यासारखं वाटतं आणि सकाळी काही आठवत नाही. म्हणून 'दर्पण'ची युक्ती वापरा.

करून पाहा :

१. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे व्हिडिओतली इंग्रजी ओळ लिहा.

२. व्हिडिओ थांबवा आणि तीच गोष्ट उजवीकडे आपल्या मराठीत लिहा. घरात बोलता तशी लिहिली तरी चालेल. 'कॉन्केव्ह अप'समोर 'सुलटी वाटी, वेग वाढतोय' असं.

३. प्रत्येक संकल्पनेला आपल्या परिसरातलं एक उदाहरण जोडा. लोकल, भरती, टाकीत भरणारं पाणी, काहीही.

४. उजवी बाजू रिकामी राहिली, तर तो भाग अजून कळलेला नाही असं समजा. तेवढाच व्हिडिओ पुन्हा पाहा किंवा शिक्षकांना विचारा.

इंग्रजीला घाबरायचं नाही आणि मराठीला कमी लेखायचं नाही. बाळशास्त्रींनी दोन्ही भाषा एकाच पानावर नांदवल्या आणि जगातलं नवं गणित आपल्या शब्दांत बसवलं. येत्या ६ जानेवारीला त्यांच्या फोटोला हार घालाल, तेव्हा फळ्यावर भरतीचा तो आलेखही काढा. त्याच्याखाली लिहा : गणिताचे शिक्षक बाळशास्त्री जांभेकर.