जेम्स ज्यूल : बिअरच्या कारखान्यातील शास्त्रज्ञ

वीज आणि उष्णता यांचे नाते सूत्रबद्ध करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड येथे झाला. वडिलांचा बिअर बनविण्याचा कारखाना होता. जॉन डाल्टन यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. कारखान्याचा व्याप सांभाळतच ते प्रयोग करीत. वाफेच्या यंत्राऐवजी विजेची मोटर परवडेल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

त्यातूनच १८४० मध्ये त्यांना नियम गवसला : तारेतील उष्णता तिच्या रोधाच्या आणि विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. बिअरची कढई असो वा ठाणे-डोंबिवलीतील गीझर, विजेवर तापणारे प्रत्येक उपकरण याच नियमाने चालते. मात्र हा नियम भिंतीतील तारेलाही लागू पडतो. पाणी लवकर उकळावे म्हणून एकाच सॉकेटवर सारख्याच क्षमतेचे दोन हीटर जोडले, तर ती तारही चौपट तापते आणि आगीचा धोका संभवतो. म्हणूनच प्रत्येक मोठ्या हीटरला स्वतंत्र जाड तार, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि अर्थिंग अत्यावश्यक ठरते.

१८५० मध्ये ज्यूल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. ऊर्जेचे एकक आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.