साहेबमामा फत्तेलाल

मुलांनो, फलटणच्या एखाद्या लांब, सरळ रस्त्यावर उभे राहून पुढे पाहा. दूरवर रस्ता अरुंद होत गेलेला दिसेल. कडेची झाडेही लहान होत गेलेली दिसतील. खरे तर रस्ता सगळीकडे सारखाच रुंद असतो. आपल्या डोळ्यांना तसा भास होतो. हा भास कापडावर उतरवणे ही एक कला आहे. ती शिकून मोठे झालेले कलावंत म्हणजे शेख फत्तेलाल.

फत्तेलाल यांचा जन्म १८८६ साली कोल्हापूरजवळच्या कागल गावी झाला. त्या काळी नाटक मंडळ्यांना रंगवलेले पडदे लागत. पडदा असे सपाट कापडाचा. पण त्यावर राजवाडा दिसायला हवा! कोल्हापूरचे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर असे पडदे रंगवण्यात प्रसिद्ध होते. फत्तेलाल त्यांच्या हाताखाली शिकले.

असा पडदा कसा रंगवतात? जवळचे खांब मोठे आणि दूरचे लहान काढतात. त्यांच्या माथ्यांच्या व पायथ्यांच्या रेषा दूरच्या एकाच बिंदूकडे नेतात. उजेड डावीकडून येत असेल, तर प्रत्येक खांबाची सावली उजवीकडेच पडली पाहिजे. एक सावली चुकली, की राजवाडा नाहीसा होतो आणि नुसते कापड उरते. म्हणून या कलेत हाताच्या आधी डोळे तयार करावे लागतात.

पुढे बाबूरावांनी चित्रपट काढायला सुरुवात केली. फत्तेलालही त्यांच्याबरोबर होते. १९२९ साली फत्तेलाल, विष्णुपंत दामले, व्ही. शांताराम आणि आणखी दोघांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे कलादिग्दर्शन फत्तेलाल यांनीच केले. आता राजवाडे नुसते रंगवून भागणार नव्हते. ते उभारायचे होते. पण उजेड आणि सावली यांचा जुना धडा इथेही उपयोगी पडला.

१९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात तुकाराम विमानात बसून वैकुंठाला जातात. ते विमान आकाशात उडताना पाहून प्रेक्षक थक्क झाले. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. कंपनीतील माणसे या दोघांना प्रेमाने दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. आजही ही दोन नावे जोडीनेच घेतली जातात.

१९६४ साली साहेबमामांचे निधन झाले.

मुलांनो, उद्या शाळेत येताना झाडांच्या सावल्या नीट पाहा. मग वहीत एक रस्ता काढा. पहिल्याच प्रयत्नात तो दूर जाणार नाही. खोडून पुन्हा काढा.